मेलबर्नचे चार गोल

गेल्या नाताळच्या सुट्टीत आमचा चार दिवस मुक्काम रहिमतपुरास होता. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सातारा मागे पडले की कोरेगाव, आणि त्यानंतर रहिमतपूर हे स्थानक लागते. पुढे तारगाव, मसूर आणि कऱ्हाड. नाटककार वसंत कानेटकरांचे हे जन्मगाव. ऊस आणि आले पिकविणाऱ्या ह्या मुलखात ख्रिस्ती कुटुंबे तुरळकच. त्यामुळे नाताळचा पाहुणा हा एका घराचा न राहता साऱ्या आळीचा होतो. ज्या घरी आम्ही उतरलो होतो, तेथील अकरा वर्षांचा नातू एका संध्याकाळी खेळून परतला तो थेट आतल्या खोलीत जाऊन बसला. सायंप्रार्थनेला आला नाही आणि पानावरही आला नाही.

चौकशी केली तेव्हा कारण कळले. कापणी झालेल्या रानात दोन दोन विटा मांडून मुलांचा फुटबॉलचा सामना चालला होता. दोन्ही बाजूंचे गोल सारखे झाले होते. अंधार पडायच्या सुमारास चेंडू ह्याच्या पायाशी आला. समोर गोलरक्षकसुद्धा नव्हता. तो पुढे धावत येऊन घसरून पडला होता. ह्याने जीव खाऊन लाथ मारली आणि चेंडू विटांच्या बाजूने निघून शेजारच्या उसात गेला. पुढच्याच चढाईत दुसऱ्या बाजूने गोल केला आणि सामना संपला.

"बाळा, एका गोलापायी कुणी उपाशी निजतं का?" आजोबा म्हणाले.

"तुम्हांला नाही कळायचं, आजोबा. सगळे माझ्याकडंच बघत होते."

आजोबांनी आपल्या परीने समजूत घातली. ह्या जिल्ह्यात खेळाची कोणतीही गोष्ट खाशाबा जाधवांच्या नावाने सुरू होते, तशी त्यांनीही केली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, सहावे आले. रडत बसले नाहीत. चार वर्षांनी हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन परतले. मुलाने सगळे निमूटपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "पण कुस्तीत आपलं आपण हरतो. इथं माझ्यामुळं सगळे हरले."

आजोबा गप्प झाले. आम्हीही झालो. अकरा वर्षांच्या पोराने जे सांगितले ते फुटबॉलच्या इतिहासाची पाने उलटूनही ह्याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही. गोल झाला की अकराही जण एकमेकांच्या गळ्यात पडतात, बाकावरचे राखीव खेळाडू उड्या मारतात, सारी पेठ तो गोल आपलाच म्हणून मिरविते. हुकला, की तो एकट्याचा. त्या रात्री आम्ही त्या मुलाला नेव्हिल डिसोझा ह्यांची हकीकत सांगितली. आजोबांनीही ती प्रथमच ऐकली. खाशाबांचे नाव घराघरांत आहे आणि नेव्हिल डिसोझांचे नाव आपल्या धर्मग्रामांतील तरुणांनाही ठाऊक नसावे, ह्याची आम्हांला त्या रात्री थोडी लाज वाटली. हा लेख त्या लाजेपोटी लिहिला आहे.

गोलखांबांमधले अंतर २४ फूट आणि आडवी दांडी जमिनीपासून ८ फूट उंच. म्हणजे एखाद्या मोठ्या घराच्या दर्शनी भिंतीएवढी ही जागा. बाहेर बसून पाहणाऱ्याला वाटते, ह्यात चेंडू न जाणे हेच अवघड! परंतु ज्याच्या पायाशी चेंडू असतो त्याला ती चौकट खिडकीएवढी दिसू लागते. नव्वद मिनिटांच्या सामन्यात अशी संधी त्याला दोनदा, फार तर तीनदा मिळते. हॉकीत, बास्केटबॉलमध्ये, आपल्या कबड्डीत एक गुण गेला तर दुसरा मिळविता येतो. फुटबॉलमध्ये पुष्कळदा गोल एकच होतो, आणि तोही कधी कधी होत नाही. ह्या दुर्मिळपणातच त्याचा आनंद आहे आणि त्याचा जाचही आहे.

आनंद आणि जाच ही दोन्ही ज्यांत एकवटली, ती साधने खेळात एकाच वर्षी आली, हे पाहून गंमत वाटते. गोलाच्या मागे लावायचे जाळे लिव्हरपूलच्या जॉन ब्रोडी नावाच्या अभियंत्याने काढले. ते १८९१ साली सामन्यांत दिसू लागले. चेंडू खांबांच्या आतून गेला की बाहेरून, ह्यावरून होणारे तंटे मिटावेत एवढाच त्याचा हेतू. पण जाळे हलताना दिसणे ह्याची पुढे साऱ्या जगाला चटक लागली. त्याच १८९१ साली पेनल्टीचा नियम मान्य झाला. तो सुचविला होता आयर्लंडमधील विल्यम मॅक्रम ह्यांनी, आणि हे गृहस्थ स्वतः गोलरक्षक होते! सभ्य माणूस जाणूनबुजून आडदांडपणा करीलच कसा, असे म्हणून इंग्लंडमधल्या काही प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. नियम मात्र राहिला. छत्तीस फुटांवरून एकट्याने चेंडू मारायचा, आणि बाकीच्या सर्वांनी नुसते बघत उभे राहायचे. रहिमतपूरच्या मुलाचे ते वाक्य आठवावे: "सगळे माझ्याकडंच बघत होते."

आणि तेच १८९१ साल मुंबईतील रोव्हर्स चषक स्पर्धेच्या पहिल्या सामन्यांचे. सुरुवातीला ही स्पर्धा गोऱ्या पलटणींचीच होती. भारतीय संघाला तो चषक जिंकायला १९३७ साल उजाडावे लागले. तो मान बंगलोर मुस्लिम्स ह्या संघाचा.

गोव्यात फुटबॉल आला तो मात्र पलटणींच्या बुटांबरोबर नव्हे. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्यांनी १८८३ साली बार्देस तालुक्यातील शिवोली येथे मुलांच्या हाती, खरे म्हणजे पायी, हा खेळ दिला. शिक्षणाबरोबर खेळही हवा, ही त्यांची धारणा. पुढे चर्चपुढचे पटांगण आणि फुटबॉलचे मैदान ह्यांत गोव्याने फारसा भेद ठेवला नाही. रविवारची मिस्सा आटोपल्यावर त्याच पटांगणात चेंडू उडू लागे. वसईच्या पट्ट्यातील वाचकांना हे चित्र नव्याने रंगवून सांगण्याची गरज नाही.

शिवोलीच्या शेजारीच आसगाव आहे. तेथे ३ नोव्हेंबर १९३२ रोजी नेव्हिल डिसोझा ह्यांचा जन्म झाला. खेळाडू म्हणून ते नावारूपाला आले ते मुंबईत. त्या काळी पोटापाण्यासाठी मुंबईस आलेला गोवेकर धोबीतलाव परिसरातील आपल्या गावाच्या कुडीत उतरे. एकेका गावाची एकेक कूड. तेथे देव्हाऱ्यापुढे रोज संध्याकाळी माळेची प्रार्थना होई आणि भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्यांची रांग असे. बोटीवरची नोकरी मिळेपर्यंत किंवा कचेरीत चिकटेपर्यंत हेच घर. ह्या माणसांचा विसावा म्हणजे कूपरेजचे मैदान. नेव्हिल टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळत. त्यांचे बंधू डेरेक हेही भारताकडून खेळले.

भारतीय फुटबॉलवर त्या दिवसांत कसले ओझे होते, हे समजून घेतल्याखेरीज मेलबर्नची गोष्ट कळणार नाही. स्वतंत्र भारताचा संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला तो १९४८ साली लंडनला. ३१ जुलै रोजी फ्रान्सशी गाठ पडली. आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले. सारंगपाणी रामन ह्यांनी ७०व्या मिनिटाला गोल करून बरोबरी साधली. सामना संपता संपता फ्रान्सने दुसरा गोल केला आणि आपण २-१ असे हरलो. पण त्या सामन्यात भारताला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या आणि दोन्ही वाया गेल्या! अनवाणी पायांचे कौतुक सगळ्यांनी केले. त्या दोन पेनल्टींविषयी आपल्याकडे कमी बोलले जाते. देश नुकता स्वतंत्र झालेला, समोर युरोपातला बलाढ्य संघ, आणि छत्तीस फुटांवर एकटा गोलरक्षक. ज्यांनी त्या मारल्या त्यांच्या पायांत त्या क्षणी केवढा भार आला असेल, ह्याची कल्पनाच करावी.

चार वर्षांनी हेलसिंकी. खाशाबांनी जेथे पदक मिळविले, त्याच ऑलिंपिकमध्ये १५ जुलै १९५२ रोजी युगोस्लाव्हियाने भारताच्या फुटबॉल संघाला १०-१ असे हरविले. तो एक गोल अहमद खान ह्यांचा, अगदी शेवटच्या क्षणांतला. ह्या पराभवानंतर बूट घालून खेळण्याची सक्ती झाली. दहा गोलांची ती नामुष्की घेऊनच संघाला पुढच्या ऑलिंपिकची तयारी करावी लागली. प्रशिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. शिस्तीला कडक आणि खेळाच्या नव्या पद्धतींचा अभ्यास असलेले.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला जाणाऱ्या संघात कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी, पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम, कृष्णस्वामी ऊर्फ किट्टू असे एकाहून एक खेळाडू होते. आघाडीच्या फळीत २४ वर्षांचे नेव्हिल होते. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नेव्हिलांचे जन्मगाव तेव्हा भारतात नव्हते. गोवा पोर्तुगालचाच एक प्रांत आहे, असा हेका सालाझार धरून बसले होते. ऑगस्ट १९५५ मध्ये नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या आणि त्यानंतर भारताने सीमा बंद केली होती. मुंबईच्या कुडींत राहणाऱ्या गोवेकरांना गावी म्हातारी आई आजारी पडली तरी सहजी जाता येत नव्हते. गोव्याचा ख्रिस्ती माणूस कोणाचा, हा प्रश्न उघडपणे आणि आडून दोन्ही प्रकारे विचारला जात होता. अशा दिवसांत आसगावात जन्मलेला एक ख्रिस्ती तरुण भारताचा गणवेश घालून मेलबर्नला उतरला. गोल करण्याचे दडपण कोणत्याही आघाडीच्या खेळाडूवर असते. नेव्हिलांच्या वाट्याला त्यापेक्षा काही अधिक आले असावे, असे आम्हांला वाटते.

पहिली फेरी न खेळताच पार पडली. समोरचा संघ हंगेरीचा होता. परंतु बुडापेस्टमधील उठाव रशियन रणगाड्यांनी चिरडला आणि हंगेरीने फुटबॉल संघ पाठविला नाही. कार्डिनल मिंडझेंटी ह्यांनी बुडापेस्टच्या अमेरिकन वकिलातीत आश्रय घेतला तो ह्याच नोव्हेंबरात. हंगेरीचा त्या काळचा दरारा पाहता ती लढत टळली हे आपले नशीब; पण ज्या कारणाने टळली, त्यापायी त्या नशिबाचा आनंद मानवत नाही.

१ डिसेंबर १९५६. उपांत्यपूर्व सामना, यजमान ऑस्ट्रेलियाशी. नवव्या मिनिटाला नेव्हिलांनी पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलांचा दुसरा गोल. एक्केचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा मॉरो, पुन्हा बरोबरी. मध्यंतराला २-२. उत्तरार्ध सुरू होऊन पाच मिनिटे झाली नाहीत तोच, पन्नासाव्या मिनिटाला, नेव्हिलांनी तिसरा गोल केला.

ह्या आकड्यांकडे जरा थांबून पाहावे. संघ पाच गोलांनी पुढे असताना तिसरा गोल करणे वेगळे. नेव्हिलांच्या तीन गोलांपैकी प्रत्येक गोल सामना बरोबरीत असताना झाला आहे. पहिल्याने आघाडी दिली, ती गेली; दुसऱ्याने पुन्हा दिली, तीही गेली; तिसऱ्याने दिलेली टिकली. आपण कमावलेले दोनदा हातचे गेलेले पाहूनही तिसऱ्यांदा त्याच निर्धाराने पुढे जायचे, ह्याला नुसते पायातले कसब पुरत नाही. पुढे तीस मिनिटे ती एका गोलाची आघाडी सांभाळायची होती. ८०व्या मिनिटाला किट्टूंनी चौथा गोल केला, तेव्हा कुठे संघाचा जीव भांड्यात पडला असेल. भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे नेव्हिल डिसोझा हे पहिले आशियाई खेळाडू ठरले आणि ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोहोचणारा भारत हा पहिला आशियाई देश. (हॅटट्रिक हा शब्द मुळात क्रिकेटचा. १८५८ साली शेफील्डला स्टीफन्सन नावाच्या गोलंदाजाने लागोपाठ तीन बळी घेतले म्हणून त्याला टोपी भेट देण्यात आली, तेव्हापासून तो रूढ झाला.)

रहिमतपूरचा आमचा श्रोता इथवर उठून बसला होता. "मग आपण सुवर्णपदक जिंकलो?" त्याने विचारले. खऱ्या गोष्टी सांगण्यातली अडचण ही अशी असते.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला झाला. प्रतिस्पर्धी तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल चढविले होते. पूर्वार्धात भारताने त्याला एकही गोल करू दिला नाही. आणि ५२व्या मिनिटाला, नेव्हिलांनी गोल केला. भारत १-०! हेलसिंकीच्या नामुष्कीनंतर हा धावफलक पाहणाऱ्या आपल्या खेळाडूंच्या मनात काय उसळले असेल? ऑलिंपिकची अंतिम फेरी अडतीस मिनिटांवर होती.

तो आनंद दोन मिनिटे टिकला. ५४व्या मिनिटाला पापेच ह्याने बरोबरी साधली. ५७व्या मिनिटाला वेसेलिनोविचने दुसरा गोल केला, ६५व्या मिनिटाला पुन्हा पापेचने तिसरा. नेव्हिलांच्या गोलाने जणू निजलेला प्रतिस्पर्धी जागा केला. फुटबॉलमध्ये असे पुष्कळदा घडते. आघाडी घेतलेला दुबळा संघ गोलाच्या आनंदात आपली जागा क्षणभर सोडतो, किंवा उलट मिळालेले जपण्याच्या भीतीने आपल्याच गोलापुढे गोळा होतो; आणि दुखावलेला बलवान संघ सगळे बळ एकवटून तुटून पडतो. म्हणून गोल केल्यानंतरची पाच मिनिटे सांभाळा, असे जुने प्रशिक्षक सांगतात.

त्या सामन्यातला चौथा गोल आपला आपणच करून घेतला. ७८व्या मिनिटाला सलाम ह्यांच्याकडून चेंडू आपल्याच जाळ्यात गेला. ४-१ असा पराभव झाला. युगोस्लाव्हियाने पुढे रौप्यपदक घेतले. पराभव मोठा असल्यामुळे सलाम ह्यांच्या त्या चुकीने निकाल बदलला नाही, हे त्यांचे भाग्यच म्हटले पाहिजे. सगळ्यांचे भाग्य असे नसते. २२ जून १९९४ रोजी अमेरिकेतील विश्वचषकात कोलंबियाचा बचावपटू आंद्रेस एस्कोबार ह्याच्याकडून असाच स्वयंगोल झाला, संघ २-१ असा हरला आणि बाद झाला. मायदेशी परतल्यावर २ जुलैला, मेडेलिन शहरात, त्याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. वय अवघे सत्तावीस. एका चेंडूची ही किंमत! त्या बातमीने तेव्हा साऱ्या जगाला चटका लावला होता, तो आमच्या पिढीच्या मनातून अजून गेलेला नाही. मुलाला ही गोष्ट आम्ही अर्थातच सांगितली नाही.

कांस्यपदकासाठी ७ डिसेंबरला बल्गेरियाशी सामना झाला. भारत ३-० असा हरला आणि चौथ्या स्थानावर राहिला. नेव्हिलांचे एकूण चार गोल झाले. त्या ऑलिंपिकमध्ये त्याहून अधिक गोल कोणाचेच नव्हते; वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव्ह ह्यांचेही चारच. म्हणजे सर्वाधिक गोल करणाऱ्या तिघांपैकी एक भारतीय होता, आणि उरलेले दोघे ज्या दोन देशांचे, त्यांनीच आपले पदक हुकविले.

एवढे सगळे होऊनही हे नाव लोकांच्या ओठांवर का राहिले नाही? त्याचे एक उत्तर त्या आठवड्यातच आहे. ६ डिसेंबरला मेलबर्नमध्येच भारताच्या हॉकी संघाने पाकिस्तानला १-० असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या संघाने स्पर्धेत ३८ गोल केले होते आणि एकही होऊ दिला नव्हता. सुवर्णाच्या त्या झळाळीत चौथ्या स्थानाकडे कोण पाहणार? आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर त्याच ६ डिसेंबरला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. ७ डिसेंबरला भारत बल्गेरियाशी खेळला, त्याच दिवशी दादरच्या चौपाटीवर लाखोंचा जनसागर बाबासाहेबांना अखेरचा निरोप देत होता. महिन्याभरापूर्वी, १ नोव्हेंबरला, द्वैभाषिक राज्य लादले गेल्याने मुंबई आधीच धुमसत होती. अशा वेळी कूपरेजच्या एका खेळाडूने दूरदेशी केलेल्या चार गोलांची नोंद मनात खोल उमटली नाही, ह्यात मुंबईचा दोष म्हणता येणार नाही.

पुढच्या काळाचा दोष मात्र आहे. अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. फुटबॉलमधील पहिला मान पी. के. बॅनर्जींना मिळाला, दुसऱ्या वर्षी तुलसीदास बलराम ह्यांना. हे दोघे मेलबर्नला नेव्हिलांचे सहकारी होते आणि दोघेही त्या मानास सर्वथा पात्र होते. नेव्हिल डिसोझांचे नाव त्या यादीत कधीच आले नाही. १९८० साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आजोबांनी येथे मान हलविली. खाशाबांनाही अर्जुन मिळाला तो मरणोत्तर, हे त्यांना ठाऊक होते. जपानच्या कामामोतोने १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये सात गोल केले आणि त्याच्या संघाने कांस्यपदक मिळविले. त्या खेळाडूला त्याच्या देशाने डोक्यावर घेतले. एका पदकाचे अंतर असले म्हणजे स्मरणात किती अंतर पडते, पाहा.

गोल अडविणाऱ्यांची गत ह्याहून बरी नसते, असा एक आक्षेप आम्हांला लगेच ऐकू येतो, आणि तो खोटा नाही. ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर ह्यांनी सलग ५७६ मिनिटे एकही गोल होऊ दिला नव्हता. एवढा वेळ न हललेले जाळे लक्षात कोण ठेवतो? पोप दुसरे जॉन पॉल लहानपणी पोलंडमधील वाडोविट्‌से गावी गोलरक्षक म्हणूनच उभे राहत. असो. गोलरक्षकांवर स्वतंत्र लेख व्हावा, आणि तो एखाद्या गोलरक्षकानेच लिहावा.

ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारत शेवटचा खेळला तो १९६० साली रोमला. तेथे पी. के. बॅनर्जींच्या गोलामुळे फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली. हंगेरी आणि पेरू ह्यांच्याकडून मात्र आपण हरलो. त्यानंतर पात्रतेचा उंबरठा आपल्याला ओलांडता आलेला नाही. त्यामुळे नेव्हिलांचा विक्रम मोडण्याची संधीसुद्धा कोणा भारतीयाला मिळालेली नाही.

रहिमतपूरहून त्याच लोहमार्गाने दक्षिणेकडे गेले आणि मिरजेला कोल्हापूरचा फाटा धरला, की महाराष्ट्रातील फुटबॉलच्या खऱ्या राजधानीत आपण उतरतो. तेथील संघांची नावेच पाहावीत: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा; त्याच नावाने चेंडूचा संघ! लाल माती अंगाला लावणाऱ्या पेठांनी हा परका खेळ असा काही आपलासा केला की शाहू स्टेडियमवरील सामन्याच्या दिवशी आजही पेठा ओस पडतात. आमच्या मुलाने केलेला कुस्ती आणि फुटबॉल हा भेद कोल्हापुरात पुसट होतो. तेथे गोल करणारा पोरगा आपल्या आळीतून खांद्यावरून मिरवला जातो, आणि हुकविणारा पुढचे काही दिवस चहाच्या टपरीवर जायचे टाळतो. प्रेमाचीच ही दुसरी बाजू, असे तेथील जाणते म्हणतात. आम्हांला ते पूर्णपणे पटत नाही. ज्या प्रेमाने पोराचे जेवण तुटते त्या प्रेमाला थोडे आवरले पाहिजे.

ह्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकात आघाडीला खेळला. हे नाव मात्र आमच्या मुलाला पाठ होते. फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात खेळणारा हा पहिलाच भारतीय फुटबॉल संघ. ९ ऑक्टोबरला दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला जिक्सन सिंगने कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर डोक्याने गोल केला आणि १-१ अशी बरोबरी झाली. विश्वचषकातला भारताचा पहिला गोल! सारे स्टेडियम उठून उभे राहिले. लोक खाली बसतात न बसतात तोच, अवघ्या मिनिटाभरात, कोलंबियाने दुसरा गोल केला. सामना २-१ असा गेला. मेलबर्नला आनंद दोन मिनिटे टिकला होता. दिल्लीला तेवढाही टिकला नाही. जिक्सन पुढे भारताच्या मोठ्या संघात खेळू लागला. त्या सामन्याचा निकाल किती जणांना आठवतो, ठाऊक नाही; त्याचा गोल पुष्कळांना आठवतो.

हे सगळे सांगून होईपर्यंत रात्र बरीच झाली होती. आजीने ताट झाकून ठेवले होते. मुलाने ते खाल्ले. झोपायला जाताना त्याने एवढेच विचारले, की नेव्हिल डिसोझांनी तिसरा गोल मारला तेव्हा आधीचे दोन त्यांना आठवत होते का. आम्ही म्हटले, आठवत असते तर मारता आला नसता. हे उत्तर आम्ही कशाच्या आधारावर दिले, ते आम्हांस विचारू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात उन्हाला बसलो होतो. मुलगा उसातून बाहेर आला तो हातापायांवर पाचटाचे ओरखडे घेऊन. बगलेत चेंडू होता; रात्रभर दवात राहून जड झालेला. आजी ओरडली, "अरे, निदान अंगरखा तरी घालायचा लांब बाह्यांचा!" तो थांबला नाही. रानात कोणी मुले अजून आली नव्हती. त्याने कालच्या विटा शोधून पुन्हा जागेवर मांडल्या, पावलांनी अंतर मोजले, आणि एकटाच चेंडू मारू लागला.